माय आणि साहेब

माय,
साष्टांग दंडवत.

इथे सिंगापूरच्या ऑफिसात माझ्या शेजारी रेन्झो बसतो. दिवसभर तो इटलीतल्या गिऱ्हाइकांशी शाळेत शिकलेली इटालियन बोलतो. आईचा फोन आला की मात्र बर्गामोकडची बोली सुरू होते. ऑफिसातल्या रोमच्या बाईंनाही ती कळत नाही, पण त्याचा चेहरा सैल होतो.

ते पाहून मी तुला फोन लावला, पण तोंडून पुस्तकी मराठीच निघाली. तू म्हणालीस, “साहेब, मना पोऱ्याले फोन द्या ना.” तुझा पोऱ्या मीच होतो, तू ओळखलं नाहीस.

आपली अहिराणी माझ्या आतच कोंडली आहे. देवीपुढेही मी पुस्तकी बोलतो. हे पत्र पाठवणार नाही. वहिनी वाचून दाखवेल आणि तुला पुन्हा साहेबच ऐकू येईल.

रविवारी फोन लावून गप्प राहीन. कोण आहे म्हणून तू रागावून अहिराणीत जे बोलशील, तेच शब्द तुझ्यामागून म्हणेन.

तुझा पोऱ्या,
दीनानाथ