ममता अकरा मिनिटं मरते

मोहातांडा, ता. दिग्रस

चि. ममतास लखीराम काकाचे पोटभर आशीर्वाद. जय सेवालाल.

इकडे सारे ठीक. तुझ्या याडीचे गुडघे दिग्रसच्या डॉक्टरने पाहिले, वजन कमी करा म्हणाला, तेव्हापासून तुझी आई गुडघ्यांपेक्षा डॉक्टरवर जास्त चिडून आहे. जर्मनीत थंडी पडली असेल. गळा गुंडाळून हिंडत जा. (हे पत्र हाताने लिहून, त्याचा फोटो काढून, तुझ्या बहिणीच्या, बबिताच्या मोबाईलवरून पाठवतो आहे. छत्तीस वर्षं टपाल वाटलं. काचेवर बोट घासून लिहिणं मला जमत नाही.)

तू कळवलं होतंस की तुझ्या गाण्यावर आणि आयुष्यावर माहितीपट निघतो आहे, तीन माणसं येतील, तासभर बसतील. माणसं तीनच आली, पण राहिली चार दिवस. दिग्दर्शक हानाबाई, आवाज टिपणारा एक लांब मानेचा गृहस्थ, आणि दुभाषी म्हणून पुण्याची केतकी. आवाजवाल्याला पहिल्याच दिवशी तांड्याची दोन मिनिटं शांतता हवी होती. सोयाबीन काढायचं मशीन बंद केलं, पिठाची चक्की बंद केली, जीपवाल्या सेवादासचा स्पीकर बंद केला. मग शांतता कशी टिपतात ते पाहायला सगळा तांडा जमला, आणि इतकी कुजबुज झाली की त्या गृहस्थाने शेवटी मशीनच परत सुरू करायला सांगितलं. हानाबाईंना बाया आरशांच्या फेटिया-कांचळीत पाहिजे होत्या. तसला जोड आता एकट्या लालीबाईकडे उरला आहे, तो चौघींनी पाळीपाळीने घातला. सिनेमात चार बाया एकाच घागऱ्यात दिसल्या तर नवल मानू नकोस.

तुझा बाप खेमसिंग तीन दिवस कॅमेऱ्यासमोर आला नाही. तुला कारण माहीत आहे. पुसदच्या इंजिनियरशी तुझं जमवलेलं, आणि त्याच आठवड्यात तू शिष्यवृत्ती घेऊन विमानात बसलीस. सुपारी परत करायला खेमसिंगला एकट्याला जावं लागलं. (मी सोबत जाणार होतो, पण त्या दिवशी माझं पोट बिघडलं. ते खरंच बिघडलं होतं.) त्याला सहा वर्षं झाली, आणि त्याने तुझ्याशी फोनवर शब्द काढलेला नाही. शेताच्या बांधावर गाठून हानाबाईंनी विचारलं की ममताच्या आवाजाची पहिली आठवण कोणती. प्रश्न इंग्रजीतून केतकीकडे, केतकीकडून पुणेरी मराठीत माझ्याकडे, माझ्याकडून आपल्या गोरबोलीत त्याच्याकडे. तो दोनच शब्द बोलला: लय रडे. केतकीने ते बाईंना तीन मिनिटं सांगितलं. काय सांगितलं देव जाणे, पण बाई डोळे पुसत होत्या.

चौथ्या दिवशी शाळेच्या खिडक्यांना पोती लावून भर दुपारी अंधार केला आणि बाईंनी चादरीवर तुझा ऑपेरा दाखवला. मी लोकांना आधी समजावलं की हे संगीत नाटकच, फक्त यात पाणी मागायचं तरी गाऊनच मागतात. तुझा बाप मागच्या दाराशी, आपण सहज आलो अशा बेताने उभा होता. सगळं नीट चाललं होतं, पण शेवटी तू आजारी पडतेस आणि अकरा मिनिटं मरतेस (मी घड्याळ लावलं होतं), तेही गात. धनीबाईला काही ते पटेना. हा जाडा माणूस नुसता हात धरून उभा आहे, गाडी काहून बोलावत नाही, असं तिने विचारलं. आपली जीप बाहेरच आहे, हे सेवादासने सांगून टाकलं. तुझी याडी मात्र हळूच म्हणाली, ही ढावलो गाऊन राह्यली. नवरी माहेर सोडताना गळ्यात पडून गाते तो ढावलो. लग्न न करता गेली, तिचा राहून गेला होता. यावर सगळ्या बाया रडू लागल्या, आणि आवाजवाला गृहस्थ धावपळ करू लागला.

सातव्या मिनिटाला तुझा बाप दारातून निघून गेला. लोकांना वाटलं, जुना राग. मी मागे गेलो. तो हापशीजवळ उभा होता.

"पोरगी मरून राह्यली अन् मी पाहत बसू काय? मले नाही होत," तो म्हणाला.

मी सांगितलं, शेवटी ती उठते, नमस्कार करते.

"उठते?"

"उठते. लोक टाळ्या वाजवतात."

तो परत आला. बाईंनी फक्त शेवट लावला. तू उठलीस, वाकलीस. त्याने तो पाच वेळा लावायला सांगितला. पाचव्यांदा म्हणाला, दुबळी झाली. मग कोणी न विचारता खुर्ची ओढून कॅमेऱ्यासमोर बसला.

"मी टेकडीपल्याडच्या वावरात राहो. घरून ही हाक मारे, बा, भाकर. तिथवर आयकू ये. मी मुद्दाम ओ देत नव्हतो. तिनं दुसरी हाक मारली पाह्यजे म्हणून."

केतकीने या वेळी तेवढंच सांगितलं, एक शब्द जास्त नाही.

मंडळी दारव्ह्याच्या रस्त्याने गेली. तुझ्या नाटकातल्या त्या जाड्या माणसालाही नमस्कार सांग; तांड्याचा त्याच्याविषयी गैरसमज झाला आहे.

तुझा,
लखीराम काका

ता.क. खेमसिंगचं बोलणं सिनेमात घ्यायचं तर एका कागदावर त्याची सही लागते. सही करीन, पण ममताने स्वतः येऊन कागद वाचून दाखवावा, असं तो म्हणतो. (तुझा बाप मॅट्रिक आहे. रोज माझा पेपर माझ्याआधी वाचतो.) होळीला आलीस तर बरं.

ता.क. २. ही सही मोबाईलवरही चालते असं केतकी म्हणाली. मी ते खेमसिंगला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.