कोरा सेट

बाबा, आज अकोल्याच्या दुकानात दोन रेडिओ समोर मांडून बसले होते आणि तुमचा असा राग आला, की चाचांनी मागवलेला चहा तसाच निवत ठेवला. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, पण हा राग काही जायचं नाव घेत नाही. दादाची पोरगी आता धरणावर मासेमारी सोसायटीची मोटरबोट चालवते. हो, पोरगी! तुम्ही असता तर तिला काठालाही उभं राहू दिलं नसतं. त्या बोटीवरून काठाशी बोलायला रेडिओ घ्यायचाय. काठावरच्या खोलीतला सेट मीच सांभाळते, म्हणून सोसायटीने निवड माझ्यावर टाकली.

दुकानातले चाचा समजावून सांगत होते, "देखो बाई, बोट में कसके बिठाया तो बोट की बॅटरी पे चलता, अँटेना ऊँचा, धरण के उस छोर तक आवाज जाती. हाथवाला थोडा कम पकडता, लेकिन पानी में तैरता, और आदमी के साथ रहता." मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, बोटीत बसवायचाच द्या, स्क्रूने आवळलेला, कोणाच्या बापाला घरी नेता येऊ नये असा.

पोरगी तिथेच भांडायला उठली. "आत्या, बोट उलटली तं रेडिओ बोटीसंग खाली अन मी वरते. मंग सांगू कोनाले, मासोळ्याईले? मले हातातलाच पायजे. जॅकेटले बांधून ठेवतो मी."

"तू कपाटात ठेवशील," माझ्या तोंडून गेलं.

"कपाटात? मी कावून ठेवीन कपाटात?" ती माझ्याकडे पाहतच राहिली. तिला कुठून माहीत असणार? बाप गेला तेव्हा ती रांगत होती.

तुम्हाला मात्र माहीत आहे. धरणावरच्या मासेमारीच्या ठेकेदाराने दोन हातातले सेट दिले होते, एक काठावरच्या खोलीत माझ्याजवळ आणि एक दादाच्या बोटीसाठी. बोटीचा सेट तुम्ही त्याच संध्याकाळी आईच्या जुन्या पातळाच्या फडक्यात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवलात. आपल्या घरात नवी वस्तू वापरायची म्हणजे पापच की! टीव्हीचा रिमोट पिशवीत, खुर्च्यांवरचं प्लास्टिक फाटेपर्यंत तसंच. आईला हौसेने घेतलेलं लुगडं तिच्या अंगावर चढलं ते तिला न्यायच्या दिवशी. तुम्हाला हे जपणं वाटायचं. मला आजही तो निव्वळ दुष्टपणा वाटतो.

त्या दिवशी सकाळी तुम्ही चुलीपाशी भाकरी खाताय. दादा दारात चप्पल घालता घालता म्हणतो, "बाबा, आज तरी द्या तो सेट. वारं सुटन असं वाटून राहिलं." तुम्ही ताटातून मान वर करत नाही. "कोरा हाये तो. पान्यात नेऊन नास करतं काय? अन तुले कोनाशी बोलाचं हाये एवढं?" दादा माझ्याकडे पाहून हसतो आणि निघून जातो. त्याला तुमच्याशी वाद घालायची सवयच नव्हती.

दुपारी वारं सुटलं. मी खोलीत सेट चालू करून बसले होते. त्याचा सेट घरी कपाटात आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी बटण दाबून मी म्हणतच होते, "दादा बोल, दादा बोल." नुसती खरखर. इंजिन बंद पडून बोट पाण्यातल्या बाभळींच्या खोडांवर गेली, हे नंतर कळलं. पलीकडच्या काठावरच्या गुराख्याने सांगितलं, बुडायच्या आधी दादा बराच वेळ हात हलवत होता. बराच वेळ, बाबा. काठावर दुसरी बोट उभी होती, माणसं बसलेली होती. कोणी सांगायचा अवकाश होता.

तेरवीला ठेकेदार आला. तुम्ही उठलात, कपाट उघडलंत, फडकं सोडलंत आणि सगळ्यांसमोर सेट त्याच्या हातात देत म्हणालात, "पाहून घ्या, एक ओरखडा नाही." लोक म्हणाले, म्हाताऱ्याला धक्का बसलाय. धक्का कसला! मी तुमचा चेहरा पाहिला होता. त्यानंतर मी तुम्हाला जेवू घातलं, अखेरच्या दुखण्यात तुमचं सगळं काढलं, पण धड एक शब्द बोलले नाही. तुम्हीही कधी विचारलं नाहीत, का गं बोलत नाहीस म्हणून.

शेवटी हातातलाच घेतला. पोरगी खरं बोलत होती. मी तो स्क्रूवाला तिच्यासाठी मागतच नव्हते, तुम्हाला दाखवायला मागत होते, आणि त्या नादात तिला पाण्यात एकटी सोडणार होते. चाचांनी दोरीही दिली, जॅकेटला बांधायची. उद्या सकाळी ती बोट काढणार आहे. "आत्या, चार्ज करून ठेवजो," एवढं सांगून ती घरी गेली.

मी चार्ज केला. कोरड्या कापडाने पुसला. काचेवरची पातळ फिल्म एका कोपऱ्याला सुटली होती, ती बोटाने दाबून परत चिकटवली. खोक्यात घातला, खोकं फडक्यात बांधलं. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून तुम्हालाच सांगते: रेडिओ तुमच्या कपाटात आहे, आणि किल्ली माझ्या कमरेला.