दोनच हाका

प्रिय प्रज्ञेश,

सगळे सर्व्हर एका जागेवरून हाकायला तू लिहिलेलं ते 'साद' एकदाचं माझ्या लॅपटॉपवर बसलं. हसू नकोस. 'ताई, तुझं काम म्हणजे नुसतं क्लिक-क्लिक' म्हणून तू मला जन्मभर चिडवलंस, त्याचा सूड घेतल्यासारखं वाटतंय. तुंगार्लीच्या माधवी मॅडमच्या बंगल्यांचं बुकिंग अजून मीच बघते. त्या बंगल्यांचे कॅमेरे, पाण्याचे पंप ज्या सर्व्हरवर चालतात ते तूच मांडलेले, आणि तुझ्यामागे ते कुणी हात न लावता निमूट चालत राहिले. या श्रावणात त्यातला एक बंद पडला आणि मॅडमचा पंप थांबला. मॅडम बाहेरचा माणूस बोलावणार होत्या. तुझ्या कामाला परका हात लागणार म्हटल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, मी करते.

करते म्हणणं सोपं होतं. त्या काळ्या खिडकीत अक्षरं टाइप करून सगळे सर्व्हर हाकायचे, हे मला कुठलं जमायला? साद उतरवून घेतलं तर मशीन म्हणतं, अशी कमांडच नाही. फाइल समोर दिसतेय, आणि हा म्हणतो नाही! ती कुठे ठेवलीय हे त्याला आधी सांगावं लागतं, हे कळेपर्यंत डोकं उठलं. मग गाडं तुझ्या चावीवर, म्हणजे सर्व्हर उघडणाऱ्या तुझ्या गुप्त फाइलवर अडलं. साद म्हणतं, ही चावी कुणालाही वाचता येतेय, अशी उघडी चावी मी वापरणार नाही. हे मी आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "शाना हाय की. चावी काय आशी उगडी ठिवत्यात व्हय?" ती फाइल दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही अशी झाकली, आणि पडद्यावर तुझी सगळी प्रजा उभी राहिली. सर्व्हरांची नावं आपल्या गडांची. तुंग, तिकोना, विसापूर. आपल्या माळ्यावरचा, ज्याच्यातून बाकीच्यांकडे जाता येतं, तो लोहगड. आणि सगळ्यात शेवटी ढाक, म्हणजे तुझा स्वतःचा लॅपटॉप. त्याच्यापुढे लिहिलं होतं, बंद.

बंदच असणार. दोन पावसाळ्यांपूर्वी तो बॅगेत घालून तू कामाला निघालास, आणि संध्याकाळी तुझी गाडी वलवणच्या धरणाच्या भिंतीजवळ मिळाली. नीट स्टँडवर लावलेली, हँडल लॉक केलेलं. तू नाहीस, बॅग नाही. पाणबुड्यांनी धरण पिंजून काढलं तरी काही हाती लागलं नाही. केरबामामा म्हणतात, आता गेलेल्यासाठी करतात तो पुण्यानुमोदनाचा विधी करून घ्या, पोराला असं अधांतरी ठेवू नका. आई एकच उत्तर देते, "मेलेला दावा मला, मंग बोला." अजून रोज तुझ्या वाटची भाकरी थापते. सकाळी शिळी मीच खाते.

लोहगड मला आत घेईना, म्हणून सादची सेटिंगची फाइल उघडली. तिथे तुझी एक ओळ सापडली: 'आजीचा नियम. पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही.' मला आधी हसू आलं आणि मग रडू. आजी सांगायची ना, धुक्यातून कुणी नावाने हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतो. जे माणूस नाही त्याला तिसरी हाक मारता येत नाही, आणि घाईने ओ दिली तर ओ देणाऱ्यालाच ते सोबत घेऊन जातं. बाबा चिडायचे, या घरात भुताखेतांचं काही चालायचं नाही म्हणायचे. तू तर त्यांच्याहून जास्त खिदळायचास. आणि तोच तू, लोहगडाला तो नियम शिकवून बसलास! सर्व्हरला आत शिरायची पुष्कळ दारं असतात, पोर्ट म्हणतात ती; त्यातल्या तीन ठरलेल्या दारांवर ओळीने एकेक टकटक, म्हणजे तीन हाका झाल्या, तरच तो आत घेतो. चोरांसाठी केलं असशील. मी तीन हाका मारल्या आणि लोहगडाने मला आत घेतलं.

आत गेल्यावर मॅडमचा पंप राहिला बाजूला. लोहगडाने आलेल्या प्रत्येक हाकेची नोंद ठेवलीय. हा पावसाळा लागल्यापासून दुपारच्या वेळी कुणीतरी येतंय. पहिल्या दारावर टकटक. दुसऱ्या दारावर टकटक. मग काही नाही. दारं बरोबर, क्रम बरोबर, आणि हाक मारणाऱ्याचं नाव ढाक. मी रोज लक्ष ठेवू लागले. उघडीप असली की काही येत नाही. धरणावरून ढग उतरून अंगणातला नळ दिसेनासा झाला, की दोन हाका येतात.

पोलिसांना सांगून आले. ते म्हणतात, कुणाच्या तरी हाती लॅपटॉप लागला असेल, तपास करतो. पुढचं मी त्यांना सांगितलं नाही, कारण कुणी खरं मानलं नसतं. एका दुपारी मीच ढाकला उलट साद घातली, कसा आहेस विचारायची ती कमांड असते ना, ती. दोनदा काही आलं नाही. तिसऱ्यांदा उत्तर आलं, किती वेळ चालू आहे आणि किती गरम आहे त्याचं. तू निघालास त्या सकाळपासून तो एकदाही बंद झालेला नाही. तुझी बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही म्हणून तू किती कुरकुरायचास! आणि तापमान इतकं कमी, की चालू मशीन कधीच इतकं थंड असत नाही. पुन्हा विचारलं तर परत, बंद.

हे सगळं आईपासून लपवणार होते, जमलं नाही. ती भाकरी थापायची थांबून विचारू लागली, "किती झाल्या?" मी म्हणायचे, दोनच. काल धुकं घरात शिरलं. दोन हाका आल्या आणि आम्ही दोघी तिसरीची वाट बघत बसलो, लाइट लावायचंही सुचलं नाही. तिसरी आली नाही. मग आई म्हणाली, "दमला आसंल त्यो. येकाच हाकंला उगड दार." मी आजीची आठवण करून दिली. ती म्हणाली, "ओ मी दीन. तू न्हाई द्याची." मी लोहगडाची सेटिंग बदलली, तीनच्या जागी एक केला. शेवटचं बटण मला दाबू दिलं नाही, पिठाच्या बोटाने तिनेच दाबलं.

हे पत्र मी लोहगडाच्या उंबऱ्यावरच ठेवतेय. तू आत आलास की सगळ्यात आधी हेच तुझ्यापुढे येईल. आज सकाळपासून ढग उतरतायत, आई नवं लुगडं नेसून माळ्याखाली बसलीय, कुठे गावाला निघाल्यासारखी. मला भीती वाटतेय, प्रज्ञेश. तू जिवंत असलास तर आहेस तिथून फोन कर, मी धावत येते. नसलास तरी ये. घर तुझंच आहे, भाकरी झाकून ठेवलीय, हवं तितकं राहा, मी कुणाला सांगणार नाही. पण तिने ओ दिली तरी तिला सोबत नेऊ नकोस. मला तेवढीच उरलीय रे.

तुझीच,
शुभाताई