पौषातल्या आंब्याचा वास

मेहरूण, जळगाव
रविवार

प्रिय कुंदन,

हे पत्र नरडाण्याला तुझ्या खोलीवर पोचेल तेव्हा तू बहुतेक ड्युटीवर असशील. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी विषय काढला की "जाऊ दे ना ताई" म्हणतोस आणि जेवलीस का विचारतोस. म्हणून कागद घेतला. कितीतरी वर्षांनी हातानं एवढं लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे.

मागच्या आठवड्यात घरी जाऊन आले. मायचा गुडघा पुन्हा सुजलाय, पण ऐकत नाही, ओट्यावर बसून शेंगा फोडतेच. आबा एसटीतून निवृत्त झाल्यापासून सकाळी पेपर मोठ्यानं वाचायचे ना, ते आता मनातल्या मनात वाचतात. शाळेची तुझी व्हॅन जीवरामभाऊंचा पुतण्या चालवतो. तू रोज पुढच्या सीटवर बसवायचास ती दोन वेण्यांची पोरगी मला रस्त्यात भेटली आणि कुंदनभाऊ कधी येणार विचारत होती. मी काहीतरी सांगितलं.

माझं विद्यापीठातलं काम मी तुला कधी नीट समजावलंच नाही. फ्लेवरवाल्या ई-सिगारेटबद्दल लोक सोशल मीडियावर काय बोलतात, हा माझा विषय. देशात बंदी आहे, तरी बोलणं थांबलेलं नाही. दिवसभर मी त्या कॉमेंट वाचायची आणि प्रत्येकीपुढं एक शब्द लिहायची: चव, मौज, विनोद, विक्री, भीती. कुणी म्हणायचं, लिची म्हणजे लग्नातलं सरबत. कुणी म्हणायचं, धूर कुठंय भाऊ, नुसती वाफ आहे. एखाद्या डॉक्टरनं व्हिडिओ टाकला की खाली लगेच, काका, आधी तुमची तंबाखू सोडा. पोरानं तोंडातून ढग काढला तर कौतुकानं आगीची चित्रं, पोरीनं काढला तर तिच्या आईबापांचा उद्धार. पहिले पंधरा दिवस मला वाचताना राग यायचा. पुढं पुढं मी हसायलाही लागले.

तुझी कॉमेंट तशाच एका व्हिडिओखाली होती. नाव खान्देशी रॉकेट, फोटोच्या जागी बुलेट. "सिगारेट सोडाकरता हाई लिधं, आते हाईच सुटत नही. मँगो शे. माय इचारस, पौषमा आंबाना वास कथाईन येस रे? काय सांगू तिले? कोनी सोडेल शे का?" खाली नऊ जणांनी उत्तरं दिली होती. सात हसले होते. एकानं मर्द बन म्हटलं. एकानं लिहिलं, नवीन पेरू आलाय, मेसेज कर. मी विनोद, विनोद, विनोद असं लिहीत गेले, शेवटी विक्री लिहिलं, आणि तुझ्यापुढं 'सोडण्याची इच्छा' लिहून पुढच्या कॉमेंटवर गेले.

चार हजार कॉमेंटमध्ये असं वाक्य दुसरं नव्हतं. माझ्या गाइड कोकिळा मॅडमनी 'पौषात आंब्याचा वास कुठून येतो रे' असं ते मराठीत पुन्हा म्हणून पाहिलं, मग म्हणाल्या, हे वाक्य तुझ्या प्रबंधाला तारून नेईल. चर्चासत्रात मी ते वाचलं तेव्हा मागच्या रांगेतल्या पत्रकारानं ते उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी पेपरमध्ये माझा फोटो आला आणि शेजारी चौकटीत तेच वाक्य, अहिराणीत, जसंच्या तसं.

त्या सकाळी घरी काय झालं ते तू मला कधी सांगितलं नाहीस. मायनं सांगितलं. आबांनी मुद्दाम शेजारच्या सुकदेवनाना आणि जीवरामभाऊंना चहाला बोलावलं होतं, लेकीचं नाव छापून आलं म्हणून. तू व्हॅन पुसत होतास. आबांनी चौकट ठसक्यात वाचली आणि माय चूल सोडून दारात आली. तिला काही कळायच्या आत ती बोलून गेली, "हाई तं मीच कुंदनले इचारेल व्हतं." आबांनी पेपराची घडी घातली. तू मान वर केली नाहीस, असं माय म्हणाली.

पुढचं तुला माहीत आहे. दुपारपर्यंत ते गावाच्या ग्रुपवर गेलं, संध्याकाळी पालकांच्या. तिथं ई-सिगारेटचा गांजा झाला आणि रात्री कुणीतरी लिहिलं की ड्रायव्हर पोरांनाही देतो. ज्या व्हॅनमध्ये तू कधी पान खाल्लं नाहीस, तिची किल्ली तुला संस्थेच्या टेबलावर ठेवावी लागली. आठवड्याभरात तू कामासाठी नरडाण्याला गेलास. आणि तिथून पहिला फोन तू मला केलास. मी रडत होते. तू म्हणालास, "ताई, तुला कुठं माहीत होतं? हजार लोकांत तू मला कशी ओळखणार?" माय सांगते, आबांनाही तू हेच सांगतोस आणि मला बोल लागू देत नाहीस.

कुंदन, मी तुला ओळखलं होतं. त्याच क्षणी. आठ दिवस आधी मायनं फोनवर हसत सांगितलं होतं, कुंदनच्या शर्टाला आंब्याचा वास येतो, विचारलं तर म्हणतो ताईनं आणलेला साबण आहे. मी कधी साबण आणला नव्हता. तुझं वाक्य वाचलं आणि मला तो साबण आठवला. ज्यांचा अभ्यास करतो त्यांच्यात आपण पडायचं नाही, असा नियम मॅडमनी शिकवला होता आणि मी त्याच्या आड बसले. खरं हे की भाऊ म्हणून तुला हाक मारली असती तर ते वाक्य मला प्रबंधातून काढावं लागलं असतं, आणि ते मला फार आवडलं होतं. निदान मायचा प्रश्न तरी गाळता आला असता. पण त्याच्याशिवाय ते वाक्य साधंच झालं असतं. आता ते पान मी काढून घेतलंय, मॅडमना कारणही सांगितलंय. आबांना मागच्या आठवड्यात घरी गेले तेव्हा सांगितलं. त्यांनी तुझा पत्ता नीट लिहून मागितला. तुला सांगायचं राहिलं होतं, म्हणून हे पत्र. पुढच्या रविवारी मी नरडाण्याला येते. भेटायचं नसेल तर खोलीवर थांबू नकोस, मी समजेन. त्या दिवशी तुझ्या कॉमेंटखाली मी उत्तर लिहिलं होतं आणि पाठवायच्या आधी पुसून टाकलं होतं. एवढंच होतं: "कुंदन, मी ताई आहे. घाबरू नको, मला फोन कर."

तुझीच,
कामिनीताई