तोफेचा चौथरा

३ नोव्हेंबर.
नववी ‘ब’ला डॉक्युमेंटरी करायला दिली. विषय मीच दिला: शाळेच्या मैदानातला मराठेकालीन तोफेचा चौथरा. बावीस वर्षं महाराष्ट्र दिनाला मी त्याला हार घालतो, भाषण करतो. जिल्हा स्पर्धा ठाण्याला. नंबर आपलाच. निवृत्तीआधी एकदा तरी त्या स्टेजवर चढायचंय. कोट शिवायला टाकला.

६ नोव्हेंबर.
कार्टी रील बनवतायत! अद्वयने मागे ढिंच्याक गाणं लावलेलं. डोकंच फिरलं. वर्ग दणाणून सोडला. इतिहास म्हणजे पुरावा! पुराव्याशिवाय तोंड उघडायचं नाही! दिशाने ते वहीत लिहून घेतलं. एक तरी मुलगी ऐकते.

११ नोव्हेंबर, स. ११.२०
माझ्या भाषणाचं शूटिंग. अठरा मिनिटं बोललो. अद्वय म्हणे, सर, दोन मिनिटांत बसवा ना. निर्लज्ज! संकल्प: आजपासून चिडायचं नाही.

११.४५
चिडलो. चूक त्याचीच.

१८ नोव्हेंबर.
मुलं मला न विचारता विठ्ठलवाडीला रखमाबाईकडे गेलेली. आमची रिटायर्ड शिपाईबाई. ती म्हणाली म्हणे, कसली तोफ न काय, त्याच्यावर पाण्याची टाकी होती, मीच भरायची रोज. आता ही मला इतिहास शिकवणार! दिशाला वर्गाबाहेर काढलं. दारातून विचारते कशी, सर, मग तुमचा पुरावा काय? बावीस वर्षं हार घालतोय, तो काय उगाच?

२४ नोव्हेंबर.
ठणकावलं, नको ते कापल्याशिवाय फॉर्मवर सही नाही. अद्वय म्हणाला, कापलं सर. सही केली. व्हिडिओ बघितला नाही. माझं भाषण मला पाठ आहे.

५ डिसेंबर, ठाणे.
पहिला नंबर.
कापलेलं ते माझं भाषण. पडद्यावर रखमाबाई, हातात जुना फोटो. चौथऱ्यावर टाकी, टाकीला नळ, नळाखाली डबा धुणारा बारीक मिशीवाला तरुण. शेजारच्या बाईंना सांगितलं, फोटो धूसर आहे, कोणीही असेल. तेवढ्यात रखमाबाईंनी स्टीलचं झाकण कॅमेऱ्यासमोर धरलं. म्हणाल्या, सर नवीन लागलेले तेव्हा नळावर विसरलेले, द्यायचं राहूनच गेलं. झाकणावर कोरलेलं: चि. सुदेश यास आईकडून, १९९४.
हॉल हसला. मग टाळ्या. मला स्टेजवर बोलावलं. नवा कोट घालून तसाच बसून राहिलो. लाज वाटली. दिशाने येऊन रखमाबाईंनी पाठवलेलं ते झाकण हातात दिलं.

रात्री ८.
डबा माळ्यावरून काढला. झाकण बसलं.