ग्राफिक्स कार्डाची पारख

कॅम्प ५, उल्हासनगर
८ एप्रिल २००७

ती. भगवानमामांना यशोधराचा सविनय जयभीम. वि. वि.

लकव्यानंतर तुमची जीभ जड झालीय, फोनवर त्रास होतो, म्हणून पत्रच लिहिते. राजरत्नदादाबरोबर दोन ग्राफिक्स कार्डं पाठवलीत. कॉम्प्युटरवर गेमचं चित्र काढतं ते हेच. आमचे दौलतरामसेठ त्यातल्या नव्या, महागड्या कार्डाचे पन्नास नग मागवणार आहेत. विकायला आलेला माणूस म्हणतो, याला तोड नाही. सेठ मला म्हणाले, घेऊ की नको ते तू सांग. कॉम्प्युटरच्या दुकानात लागून मला चारच महिने झालेत, मामा. चुकले तर माझं काही खरं नाही.

तुम्ही मोरिवलीच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होतात. नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखायचात. दुसरं कार्ड साधं आहे, अर्ध्या किमतीचं. तुमच्या घरच्या कॉम्प्युटरला दोन्ही आळीपाळीने लावून गाड्यांची शर्यत खेळा आणि खरं काय ते कळवा. मामी ओरडली तर माझं नाव सांगा.

तुमचीच,
यशो

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
१९ एप्रिल २००७

चि. यशोधरास मामाचा सप्रेम जयभीम.

डाव्या हाताचं अक्षर आहे, सांभाळून घे.

नवं कार्ड लावलं आणि तासभर मी थक्क! ओल्या रस्त्यावर गाडीच्या दिव्यांची झाक पडते, झाडाचं पान न् पान वेगळं दिसतं. मामी भाकरी तव्यावर टाकून बघत उभी राहिली आणि मलाच दटावलं, की जरा हळू चालवा. पण तास उलटला की कार्डावरच्या पंख्याचा सूर चढतो, पडद्यावर आडव्या रेघा येतात, गाडी जागीच गोठते. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी कॉम्प्युटरच्या डब्याची बाजू उघडून टेबलफॅन लावला, तर चार तास बिनतक्रार चाललं.

म्हणजे कार्ड हुशार आहे, पण आपला उन्हाळा आणि बंद डबा त्याला सोसत नाही. साधं कार्ड थोडं अडखळतं, पण थांबत नाही. माणसं पोरांसाठी बोनस खर्चून घ्यायला येतात, त्यांना साधंच दे. सेठ रागावला तरी हेच सांग.

तुझा,
मामा

कॅम्प ५
२ मे २००७

ती. मामांना सविनय जयभीम.

सेठ भडकलेच. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग मी दुकानातच डबा बंद करून कार्ड चालवून दाखवलं. पन्नासाव्या मिनिटाला रेघा आल्या. सेठनी पन्नासाचे पाच नग केले, तेही जादा पंख्यासकट. ही पारख कोणाची, असं विचारलं; मी तुमचं नाव सांगितलं. रविवारी ते तुमच्याकडे येतायत. मामा, नोकरी टिकली ती तुमच्यामुळे. हे मी विसरणार नाही.

यशो

हेंद्रेपाडा
७ मे २००७

चि. यशो, सप्रेम जयभीम.

सेठ येऊन गेला. आणखी दोन कार्डं ठेवून गेला, यांचंही बघा म्हणाला.

जीभ जड झाल्यापासून घरी येणारा प्रत्येकजण माझी विचारपूस मामीकडे करतो, मी समोर बसलेला असतो. सेठने मला विचारलं. मामी उत्तर द्यायला लागली, तर हाताने थांबवलं तिला आणि माझं कागदावर लिहून होईपर्यंत गप्प बसला. चहा गार झाला त्याचा.

आभार तू कसले मानतेस, पोरी? वर्षभरात माझं मत घ्यावंसं वाटलं ते आधी तुला. लोभ आहेच; विचारत राहा.

तुझा,
भगवानमामा