उद्याचा धडा, आधी माझ्यावर

आई, कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसून लिहितोय. अक्षर हलतंय. तुझंही हलायचं. निमोण्याकडच्या शाळेतून शिरूरला येताना तू एसटीत मांडीवर वही ठेवून टाचण लिहायचीस, म्हणजे उद्या कोणत्या वर्गाला काय आणि कसं शिकवायचं ते. तपासायला आलेले साहेब म्हणायचे, "बाई, टाचण चांगलं हाय, पण अक्षर एसटीतलं हाय." घरी येऊन तू ते हसत सांगायचीस आणि पिशवी खुंटीला अडकवून लगेच पीठ मळायला घ्यायचीस. तेव्हा वाटायचं, तुला दमायला होतच नाही. आता रांजणगावला दिवसभर लाईनवर उभा राहून बसमध्ये बसतो आणि पाय आपले वाटत नाहीत, तेव्हा कळतं, तू दमलेलीच असायचीस. फक्त बोलायची नाहीस.

मी तिसरीत आहे. तव्यावर भाकरी आहे. तू खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून माझ्यापुढं टाकतेस, वर दोन सुट्या काड्या. "बत्तिसातनं सात काढ." मी म्हणतो, दोनातनं सात जात न्हाईत. "मग?" "मग राहू दे." तू उलथणं उगारतेस. उद्या वर्गात घ्यायचा धडा तू आदल्या संध्याकाळी असा माझ्यावर घ्यायचीस. मी जिथं अडायचो तिथं तुझा उलथण्याचा हात थांबायचा, भाकरी करपायला लागायची, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तू तिथंच जास्त वेळ थांबायचीस. एकदा मी चिडून विचारलं, "मी मठ्ठ हाय म्हणून माझ्यावर घेतीस का?" तू म्हणालीस, "मठ्ठ न्हाईस. उतावळा हायस. उतावळ्याला कळलं की सगळ्या वर्गाला कळतं." मला ते बोलणं लागलं होतं. अजून थोडं लागतं.

तू गेलीस तेव्हा मी दहावीत होतो. पुढचं तुला माहीत नाही, म्हणून सांगतो. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. एका सरांनी जर्नलवर सही द्यायला चार वेळा फिरवलं, पाचव्यांदा मी ते जर्नल त्यांच्याच टेबलावर फाडलं. परत गेलो नाही. त्या कॉलेजमधून दोन गोष्टी घेऊन निघालो, एक राग आणि एक ती. ती शिकत राहिली आणि आता मास्तरीण झालीय, आई. पाटसच्या पुढं एका वस्तीवर दोन शिक्षकांची शाळा आहे, तिथं. पहिली ते चौथी, दोघांत मिळून. तू असतीस तर तिला बघून आधी जेवायला वाढलं असतंस.

शाळा सुटली की तिची दुसरी शाळा सुरू व्हायची. प्रत्येक वर्गाचं, प्रत्येक विषयाचं टाचण. मी दौंडला जाऊन स्टेशनबाहेर भेळेच्या गाडीपाशी उभा, आणि तिचा फोन, "आज जमत न्हाई रे, टाचण राहिलंय." तिच्या घरी स्थळं बघणं चालू होतं. पुण्यातला एक मुलगा तिच्या वडलांना, आप्पांना, पसंत होता. मी म्हणायचो, आप्पांना माझ्याबद्दल सांग. ती म्हणायची, "सांगायला डोकं तरी जागेवर पायजे ना माझं." मला वाटलं, एवढंच ना? मोबाईलमधल्या एआयला इयत्ता, विषय, घटक सांगितला की चहा गार व्हायच्या आत टाचण हजर होतं. मी सुट्टीच्या दिवशी बसून तिचं अख्ख्या महिन्याचं टाचण काढलं, शिरूरला झेरॉक्सच्या दुकानात छापून स्पायरल करून घेतलं आणि साडी द्यावी तसं तिच्या हातात दिलं. तिनं पानं चाळली. डोळे भरले तिचे. त्या आठवड्यात आम्ही रोज भेटलो.

पण टाचणात शेवटी एक रकाना असतो, पोरांना आलं की नाही ते लिहायचा. तो रिकामा बरा दिसेना, म्हणून मी सगळीकडं आधीच "साध्य" छापलं होतं. ते सगळं वाचून बघायचं तिचं राहून गेलं, आठ दिवस रोजच्या भेटीत गेले म्हणून. तपासणीला साहेब आले, पान उघडलं ते नेमकं गावच्या यात्रेचं. त्या दिवशी शाळेला सुट्टी, आणि टाचणात चौथीचा भागाकार साध्य. हेडमास्तरांसमोर, पोरांसमोर साहेब म्हणाले, "बाई, यात्रेच्या दिवशी वर्ग कुणी घेतला? देवानं?" पोरं हसली. तिची पोरं.

फोनवर ती ओरडली नाही. हळू बोलली, ते जास्त वाईट. "तू माझी पोरं बघितलीस का रे कधी? ऊसतोडीवाल्यांची दोन लेकरं आलीत, ती अजून माझ्याकडं बघून बोलत न्हाईत, आन् तू त्यांचं साध्य करून ठेवलंस. तुला सगळं संपवायची घाई. कॉलेज बी असंच संपवलंस." आई, मी काय बोललो असेन? "मग बस लिहीत, मर त्या वहीत." फोन कट. नंतर मी फोन केले, तिनं उचलले नाहीत.

शेवटी कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी गाडी काढून तिच्या शाळेवर गेलो. शाळा सुटली होती. ती एकटीच वर्गात खाली बसली होती, पुढ्यात काड्यांचे गठ्ठे. खराट्याच्याच. मी दारात थांबलो. "कशाला आलास?" म्हणाली. मी म्हणालो, "उद्या काय घ्यायचंय?" "वजाबाकी. तिसरीला येईना." "मग माझ्यावर घे." तिला कळेना. मी चपला काढून समोर बसलो आणि तुझी भाकरी, तुझं उलथणं, सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिनं तीन गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या माझ्यापुढं सरकवल्या. मग म्हणाली, "बत्तिसातून सात काढ." मी म्हणालो, "दोनातनं सात जात न्हाईत, बाई." "मग गठ्ठा सोड." सोडला. मग खरंच विचारलं, "बाई, आता पहिल्या दोन काड्यांचं काय करायचं? त्या टाकून द्यायच्या का?" ती थांबली. तिनं वही जवळ ओढली. म्हणाली, "अरे, तिथंच अडतात पोरं. सगळी तिथंच अडतात." वहीत दोन ओळी लिहिल्या आणि वही मिटली. बाहेर ऊन अजून उतरलं नव्हतं.

आता आमचं असं ठरलंय. कागदाची मांडणी, मथळे, रकाने मोबाईल करतो. ती नको ते खोडते. पोरांना आलं की नाही, ते वर्ग झाल्यावर ती स्वतः लिहिते. आणि बस रांजणगावातून सुटली की तिचा फोन येतो आणि उद्याचा धडा ती माझ्यावर घेते. बसमधली पोरं सोडत नाहीत. "काय रं, पुन्हा तिसरीत बसलास व्हय?" बिहारचा एक जण रोज विचारतो, "भाई, आज कौनसा पाठ है?" मी इतका दमलेला असतो की उलटून बोलत नाही. बहुतेक राग असाच जात असावा, दमून.

आज मात्र धडा वेगळा होता. म्हणाली, "रविवारी आप्पांशी बोलणार हाय. आधी तुझ्यावर घेते. तू आप्पा हो." मी आवाज जाड केला, "पोरगा करतो काय?" "कंपनीत हाय, आप्पा." "शिकलाय किती?" तिथं ती थांबली. बस कारेगावपाशी ट्रकच्या मागं अडकली होती. मग ती म्हणाली, "कॉलेज अर्ध्यात सोडलं त्यानं. पण रोज संध्याकाळी माझ्यापुढं शिकायला बसतो. मला तोच पायजे, आप्पा." आणि मग तिच्या नेहमीच्या आवाजात, "कळलं का?"

कळलं होतं, आई. पहिल्याच वेळी कळलं होतं. तरी मी म्हणालो, "न्हाई कळलं, परत सांग." तिनं परत सांगितलं. रविवारी काय होईल माहीत नाही. शिरूर आलं, उतरायचंय, हा कागद डब्याच्या पिशवीत राहील. एकच सांगायचं राहिलं. तुझ्या त्या काड्यांच्या वजाबाकीतही मी दरवेळी अडलेलो नसायचो. काही वेळा नुसतंच म्हणायचो, परत सांग.